फोन चालतो, टीव्ही चालतो, कॉम्प्युटरच का नाही?

नेट बंद पडलं की आपण पहिल्यांदा काय करतो? राउटरचं बटण बंद, दहापर्यंत आकडे, बटण चालू. तरी नाही आलं तर परत तेच. तिसऱ्या वेळी राउटरवाल्याला शिव्या. होस्टेलवर तर हेही करावं लागत नाही, कारण राउटर आपल्या हातातच नसतो. आपण फक्त कॉरिडॉरमध्ये येऊन ‘तुझं चालतंय का रे?’ असं ओरडतो.

हा लेख त्याच्या पुढच्या पायरीबद्दल आहे. म्हणजे घरचं ब्रॉडबँड, लिनक्स घातलेला कॉम्प्युटर आणि ‘नेट येत नाही’ ही तक्रार. दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं, ते मी एका खऱ्या प्रसंगावरून सांगणार आहे. प्रसंग घरचाच आहे आणि चूक जवळजवळ सगळी माझीच होती, हे आधीच कबूल करून टाकतो. आणखी एक गोष्ट. आपला मराठी विभाग असल्यामुळे कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीत आणि स्मॉल लेटर्समध्ये करायच्या.

आमचं खाली दुकान आणि वर घर. सिमेंट, पत्रे, पाइप, खिळे, असलं सगळं. दुकानातला कॉम्प्युटर जुना, ४ जीबी रॅमचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ त्या मशीनवर चढण्यातलं नव्हतं. नवीन मशीन घेण्याच्या बेतात असलेल्या बाबांना मी म्हटलं, ‘थांबा, मी लिनक्स टाकून देतो, पाच वर्षं बघावं लागणार नाही.’ हिवाळ्यात घरी गेलो तेव्हा सीपीयू एसटीत मांडीवर घेऊन होस्टेलला आणला, लिनक्स मिंट टाकलं, सगळे अपडेट होस्टेलच्या नेटवर करून घेतले, बाबांची बिलाची शीट उघडून पाहिली आणि पुढच्या शनिवारी परत नेऊन दिला. रविवारी दिवसभर लाइट नव्हती. वायरी जोडल्या, ‘लाइट आली की चालू करा’ असं सांगितलं आणि संध्याकाळची गाडी पकडली. चालू करून पाहिलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

१७ तारखेला रात्री बाबांचा फोन. ‘अरे, नेट येत नाही. आणि २० ला जीएसटीचं रिटर्न आहे.’

३-बी रिटर्न चुकलं की दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि कर भरायचा राहिला असेल तर त्यावर १८ टक्के दराने व्याज वेगळं. पण खरा मुद्दा पैशाचा नव्हता. बाबा शांतपणे म्हणाले, ‘१९ पर्यंत झालं तर ठीक, नाहीतर मी त्या स्टँडजवळच्या पोराला बोलावून विंडोज घालून घेतो.’ त्यांनी ब्रॉडबँडवाल्याला आधीच फोन केला होता. तिकडून उत्तर आलं होतं की आमच्याकडून सगळं ओके आहे, लिनक्स आम्ही बघत नाही. मला त्या माणसाचा राग आला होता. नंतर कळलं की त्याचं बरोबर होतं.

तर मी होस्टेलच्या जिन्यात आणि बाबा गल्ल्यावर, मध्ये दोनशे किलोमीटर.

पहिला प्रश्न मी विचारला तो असा, की दुसरं काय काय चालतंय? फोन वायफायवर चालत होता, वर टीव्हीही चालत होता. या एका उत्तराने अर्धं काम होतं. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर फायबरच तुटलंय किंवा दबलंय. मग आपल्या कुठल्याही कमांडने काही होणार नाही, सरळ केबलवाल्याला फोन करायचा. पण फोन चालतोय म्हणजे राउटरपर्यंत नेट आलेलं आहे. दोष राउटर ते कॉम्प्युटर या दोन मीटरमध्ये आहे, किंवा कॉम्प्युटरच्या आत.

मग ते दोन मीटर. कॉम्प्युटरच्या मागे जिथे नेटची वायर घुसते तिथे एक बारका दिवा असतो. ‘बाबा, तो लागलाय का?’ ‘नाही.’ दिवा नाही म्हणजे वायरीत विजेचा सुद्धा संबंध नाही, मग पत्ता वगैरे पुढच्या गोष्टी. टर्मिनल उघडून ‘आयपी लिंक’ असं टाइप केलं तर हेच अक्षरांत दिसतं. कार्डाच्या नावाच्या ओळीत ‘नो-कॅरिअर’ आलं तर वायर जोडलेली नाही, ‘लोअर-अप’ आलं तर आहे. (कार्डाचं नाव पूर्वी ईटीएच० असं सुटसुटीत असायचं. आता ईएनपी३एस० असलं काहीतरी असतं. घाबरू नका, कार्ड कुठल्या खाचेत बसलंय त्याचा तो नंबर आहे.) बाबा वायर हलवून म्हणाले, ‘याची खिट्टी तुटलीय.’ प्लॅस्टिकची ती चिमटी एसटीच्या प्रवासानंतर माझ्याच हातून तुटली असणार. पूर्ण आत दाबली तेव्हा दिवा लागला. दुकानातच पट्टी होती, तिने बांधून टाकली.

दिवा लागला, पण नेट नाही.

इथे मी एक मोठी चूक केली. ती आपण सगळेच करतो म्हणून सविस्तर सांगतो. मी घाईत बाबांना एकामागून एक तीन गोष्टी करायला लावल्या. आयपीव्ही६ बंद केलं, नेटवर्कची सर्व्हिस रिस्टार्ट केली आणि राउटर पण बंद-चालू केला. कशाचाही उपयोग झाला नाही, आणि झाला असता तरी कशामुळे झाला हे कळलं नसतं. ‘आयपीव्ही६ बंद करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. क्वचित बरोबर असतो, पण बहुतेक वेळा देणाऱ्याला दुसरं काही सुचत नसतं म्हणून दिला जातो. वर पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, चांदण्या सुद्धा नाहीत, म्हणून बाबांना वाटलं की कीबोर्डच बंद पडला. त्यात दहा मिनिटं गेली.

शेवटी बाबाच म्हणाले, ‘एक एक सांग, मी लिहून घेतो.’ आणि त्यांनी बिलबुकाच्या पाठकोऱ्या पानावर डावीकडे मी सांगितलेली कमांड आणि उजवीकडे आलेलं उत्तर अशी जमाखर्चासारखी नोंद सुरू केली. आधी आयपीव्ही६ पूर्वीसारखं केलं. मग पायरीपायरीने.

वायरनंतरची पायरी म्हणजे पत्ता. कमांड ‘आयपी ॲड्र’. पूर्वीची पुस्तकं ‘इफकॉन्फिग’ सांगतात. नवीन मिंट, उबुंटूवर ती बऱ्याचदा मुळात घातलेलीच नसते, त्यामुळे ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर लिनक्स बिघडलं असं समजू नका. उत्तरात ‘आयनेट’ या शब्दापुढे जो नंबर येतो तो आपला पत्ता. १२७.०.०.१ सोडून द्या, तो कॉम्प्युटर स्वतःशीच बोलतो तो. बाबांनी खालचा नंबर वाचला, ‘दहा, चौदा, तीन, सत्तावन्न.’

मी कपाळावर हात मारला. १०.१४.३.५७ हा माझ्या खोलीचा पत्ता! आपल्या होस्टेलला प्रत्येक खोलीला नंबर ठरवून दिलेला आहे आणि तो हाताने भरावा लागतो. मी तो भरून अपडेट केले होते आणि काढायला विसरलो होतो. घरच्या राउटरचं जग १९२.१६८.१ पासून सुरू होतं. १०.१४ वाला कॉम्प्युटर त्या वायरीवर म्हणजे दुसऱ्या गावच्या पत्त्याचं पाकीट आपल्या पोस्टाच्या पेटीत पडल्यासारखं. वायर जोडलेली, कार्ड चालू, कोपऱ्यातली खूण सुद्धा ‘जोडलं’ म्हणते, कारण हाताने पत्ता भरला की कॉम्प्युटर कुणाला विचारतच नाही. आपणच आपलं नाव ठेवलं, मग कोण नाही म्हणणार?

१०, १९२.१६८ आणि १७२.१६ ते १७२.३१ हे तीन गट खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. त्यामुळे पत्ता पाहिला की आपण कुठल्या जाळ्यात आहोत याचा अंदाज लगेच येतो. पत्ता आपोआप देणाऱ्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात आणि घरी जवळजवळ नेहमी तीच हवी. नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीव्ही४ च्या पानावर ‘मॅन्युअल’ होतं ते ‘ऑटोमॅटिक’ केलं, कनेक्शन एकदा बंद-चालू केलं, आणि पत्ता आला १९२.१६८.१.७. विंडोजवर डीएचसीपीने उत्तर दिलं नाही तर १६९.२५४ ने सुरू होणारा एक पत्ता दिसतो. लिनक्सवर अशा वेळी बहुधा पत्त्याची ओळच येत नाही आणि कनेक्शन थोड्या वेळाने हार मानतं. दोन्हींचा अर्थ एकच, राउटरकडून पत्ता मिळालेला नाही.

आता पिंग. ही आपल्या सगळ्यांच्या ओळखीची कमांड माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली, तीही अशाच एका नेटवर्कच्या दुखण्यावरून. पाणबुडी शोधायला पाण्यात आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजावरून नाव पडलं. पण पिंग कुणालाही, कुठेही मारून उपयोग नाही. क्रमाने मारायचं.

आधी घरच्या राउटरला, ‘पिंग १९२.१६८.१.१’. उत्तर आलं. म्हणजे वायर आणि पत्ता दोन्ही चोख. राउटरचा नंबर माहीत नसेल तर ‘आयपी राउट’ मारा. ‘डीफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढे जो असतो तोच. मग बाहेरच्या एखाद्या नंबरला, नावाला नव्हे, ‘पिंग ८.८.८.८’. याचंही उत्तर आलं. म्हणजे कॉम्प्युटरपासून राउटर, तिथून कंपनी, तिथून जगापर्यंत रस्ता मोकळा. मग नावाला, ‘पिंग गूगल डॉट कॉम’. इथे अडलं. ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन.’

बाबांनी हे वाक्य एकेक अक्षर वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘म्हणजे?’ मी म्हटलं, ‘बाबा, तुम्हाला गिऱ्हाइकाचा नंबर पाठ असेल तर फोन लागतोय, पण डायरी हरवलीय.’ ते लगेच कळलं त्यांना. नावावरून नंबर काढून देणारी ही डायरी म्हणजे डीएनएस. तीही १९८३ चीच, पॉल मोकापेट्रिस यांची. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये असायची आणि ती फाइल सगळे उतरवून घ्यायचे. ती फाइल अजून प्रत्येक लिनक्समध्ये आहे, ‘ईटीसी’ डिरेक्टरीत, ‘होस्ट्स’ नावाची.

डायरी कुणाची वापरली जातेय हे बघायला जुनी पुस्तकं ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही फाइल उघडायला सांगतात. उघडली तर तिथे १२७.०.०.५३ एवढंच दिसतं आणि माणूस बुचकळ्यात पडतो. तो कॉम्प्युटरच्या आतलाच एक कारकून आहे. तो पुढे कुणाला विचारतो ते त्या फाइलमध्ये दिसत नाही. त्यासाठी ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’. बाबांनी उत्तर वाचलं, ‘डीएनएस सर्व्हर्स, दहा, चौदा, शून्य, दोन.’

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, ‘हा दहा-चौदा मगाशी पण होता की. वर लिहिलाय मी.’

तर पत्ता ऑटोमॅटिक केला तरी त्याच पानावर खाली डीएनएससाठी वेगळं ऑटोमॅटिकचं बटण असतं. होस्टेलवर असताना मी ते बंद करून आपल्या कॉलेजचा सर्व्हर भरला होता. पत्त्याचं बटण बदललं म्हणून ते बदलत नाही. घरून १०.१४.०.२ ला विचारलेला प्रश्न कंपनीच्या जाळ्यात कुठेतरी विरून जातो, उत्तर येत नाही. बटण ऑटोमॅटिक केलं, नंबर खोडला, कनेक्शन बंद-चालू. ‘पिंग गूगल डॉट कॉम’ला उत्तर यायला लागलं. रात्रीचे साडेअकरा. मी म्हटलं, ‘झालं बाबा, आता ब्राउझर उघडा.’

उघडला. पांढरं पान. गोल गोल फिरतंय. दोन मिनिटांनी ‘कनेक्शन टाइम आउट’.

त्या रात्री खरंच धीर सुटला. पिंग चालतंय, नावं चालतायत, आणि पान उघडत नाही. बाबा म्हणाले, ‘झोप आता, उद्या बघू,’ पण त्या ‘उद्या बघू’त स्टँडजवळचा पोरगा मला स्पष्ट दिसत होता.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये बसून एक गोष्ट सुचली, ती या लेखातली सगळ्यात कामाची आहे असं मला वाटतं. दोष नेटमध्ये आहे की कॉम्प्युटरमध्ये, याचा निकाल लावायचा असेल तर नेट बदलून बघा. संध्याकाळी धाकट्या बहिणीला दुकानात बसवलं. (तिचा फायदा असा की ती स्क्रीनचा फोटो काढून पाठवते. आदल्या दिवशी हे मला सुचलं नव्हतं.) तिला म्हटलं, ‘ब्रॉडबँडची वायर काढून ठेव. तुझ्या फोनचं वायफाय बंद कर, मोबाइल डेटा चालू कर, चार्जिंगच्या केबलने फोन कॉम्प्युटरला जोड आणि यूएसबी टेदरिंग चालू कर.’ वायफाय बंद करणं महत्त्वाचं आहे, नाहीतर फोन फिरून त्याच ब्रॉडबँडवरून नेट देईल आणि परीक्षा कसलीच होणार नाही. लिनक्सला टेदरिंगसाठी वेगळा ड्रायव्हर घालावा लागत नाही. काही सेकंदांत नवीन कार्ड दिसतं.

पिंग चालू. ब्राउझर, तेच पांढरं पान.

मला एवढा आनंद झाला की बहीण म्हणाली, ‘दादा, चालत नाहीये, खूश काय होतोस?’ पण वायर वेगळी, कंपनी वेगळी, पत्ता वेगळा, डीएनएस वेगळा, आणि दुखणं तेच. म्हणजे ब्रॉडबँडचा काहीही संबंध नाही, जे आहे ते डब्याच्या आत आहे. हाच निकाल दुसऱ्या बाजूनेही लावता येतो. लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून इन्स्टॉल न करता लाइव्ह चालू करायचं. मशीन तेच, वायर तीच, पण सेटिंग कोरी. तिथे नेट चाललं तर सेटिंगचा दोष. तो पेन ड्राइव्ह गल्ल्यातच पडलेला होता हे मला नंतर आठवलं.

आता ब्राउझर सोडून टर्मिनलवरून पान मागायचं, म्हणजे निदान तो काय करतोय ते तरी सांगेल. कमांड ‘डब्ल्यूगेट’ आणि पुढे साइटचं नाव. फोटो आला. त्यात ओळ होती, ‘कनेक्टिंग टू १०.१४.०.५’, पुढे विसर्गासारखे दोन टिंब आणि ३१२८.

मागे बाबा उभे असावेत, कारण फोनवर आवाज आला, ‘परत दहा-चौदा!’

३१२८ हा आकडा होस्टेलवर राहणाऱ्यांना ओळखीचा असेल. प्रॉक्सीचा पोर्ट. गूगलला जायला निघालेला कॉम्प्युटर आधी आपल्या होस्टेलच्या प्रॉक्सीचं दार शोधत होता, तेही माझ्या गावातून. पिंग मात्र चालत होतं, कारण प्रॉक्सी ही वेब पानांसाठी मध्ये बसवलेली व्यक्ती आहे. पिंगची पाकिटं वेगळ्या जातीची, आयसीएमपी नावाची, ती प्रॉक्सीला विचारत नाहीत, सरळ जातात. म्हणून ‘पिंग चालतं पण ब्राउझर नाही’ असं दिसलं, आणि पानांनी उघडायला सुरुवात सुद्धा केली नाही, तर पहिला संशय प्रॉक्सीवर घ्या. विशेषतः मशीन कॉलेजातून किंवा ऑफिसातून आलेलं असेल तर.

लिनक्सवर प्रॉक्सी एका जागी नसते, हीच खरी गोम. ‘एनव्ही’ कमांड मारून येणाऱ्या यादीत ‘प्रॉक्सी’ शब्द शोधला तर चार ओळी सापडल्या, दोन स्मॉल अक्षरांत, दोन कॅपिटलमध्ये. काही प्रोग्राम एक वाचतात, काही दुसरं, म्हणून मी दोन्ही लिहिल्या होत्या. टर्मिनलमध्ये ‘अनसेट’ करून त्या जातात, पण फक्त त्या खिडकीपुरत्या. मूळ ‘ईटीसी’मधल्या ‘एन्व्हायर्नमेंट’ नावाच्या फाइलमध्ये होतं. बहिणीने ती ‘सुडो नॅनो’ने उघडली, आधी फोटो पाठवला, मी हो म्हटल्यावर चारही ओळी काढल्या. ही फाइल लॉगिनच्या वेळी वाचली जाते, त्यामुळे लॉगआउट करून परत यावं लागतं. तेवढ्यासाठी रिस्टार्ट करायची गरज नाही. काही जण हेच ‘बॅश-आरसी’ फाइलमध्ये लिहितात, तिथेही बघावं. डेस्कटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सीचं वेगळं पान असतं. आणि फायरफॉक्सचं स्वतःचं वेगळंच, सेटिंगच्या पहिल्या पानावर अगदी तळाशी. फायरफॉक्स एरवी सिस्टिमचं ऐकतो, पण मी तिथे पण हाताने भरून ठेवली होती. ‘नो प्रॉक्सी’ केलं.

गूगल उघडलं. जीएसटीची साइट उघडली. १८ तारीख, रात्रीचे नऊ वाजून गेले होते. बाबांनी तेव्हाच रिटर्न भरायला घेतलं नाही; म्हणाले, ‘शांतपणे सकाळी करू.’ १९ ला सकाळी भरलं, फोनवर ओटीपी आला, पावती प्रिंट झाली. त्याचा फोटो मला आला, कॅप्शनशिवाय.

या सगळ्यात न आलेला एक दोष सांगितला पाहिजे, कारण तो ओळखायला सगळ्यात अवघड आहे आणि तो आमच्याच विंगमधल्या एकाच्या घरी निघाला. त्याच्याकडे सगळं चालायचं, पण ठराविक काही साइट अर्धवट उघडून लटकायच्या. फोनवर पण आणि लिनक्सवर पण. कंपनीचा राउटर बदलून त्याने बाजारातून दुसरा आणला होता, तेव्हापासून.

इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट माल मावतो. आपल्याकडे बरीच ब्रॉडबँड कनेक्शनं पीपीपीओई या पद्धतीची असतात, युजरनेम-पासवर्डवाली. १९९९ सालची पद्धत आहे. ती प्रत्येक पाकिटात स्वतःचे ८ बाइट घालते, त्यामुळे मालाला उरतात १४९२. टेंपोची उंची तीच, पण पुलाखाली आठ इंच कमी, असं समजा. एखादं पाकीट मावलं नाही तर वाटेतलं यंत्र पाठवणाऱ्याला उलट निरोप देतं की लहान करून पाठव. पण हा निरोप आयसीएमपीने जातो, आणि काही साइटवाले सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपी सरसकट अडवतात. मग त्यांचा सर्व्हर मोठी पाकिटं पाठवत राहतो, ती वाटेत गळत राहतात, कुणाला काही कळत नाही. पिंगची लहान पाकिटं मात्र सुखरूप पोचतात, म्हणून तपासणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. चांगले राउटर जोडणी होतानाच दोन्ही बाजूंना लहान पाकिटं ठरवायला लावतात. त्याच्या नव्या राउटरमध्ये ती सोय बंद होती.

तपासायचं असं. ‘पिंग -एम डू -एस १४७२ १.१.१.१’. यातला एम कॅपिटल, आणि ‘डू’ म्हणजे पाकीट तोडू नका. १४७२ का, तर पिंगची स्वतःची २८ बाइटची शीर्षकं धरून १५०० होतात. त्याच्याकडे राउटरने उत्तर दिलं की तोडावं लागेल, एमटीयू १४९२. मग १४६४ घालून मारलं, ते गेलं. १४६४ आणि २८, बरोबर १४९२. लिनक्सच्या कनेक्शन सेटिंगमध्ये एमटीयूच्या चौकटीत ‘ऑटोमॅटिक’च्या जागी १४९२ लिहिल्यावर लटकणं थांबलं. फोनला ही सोय नसते, त्यामुळे पुढे राउटरमध्येच ती सुधारणा करावी लागली.

वेगाबद्दल एवढंच, की प्लॅन ३०० चा आणि मिळतात ९०-९५ असं असेल तर कंपनीशी भांडायच्या आधी ‘ईथटूल’ आणि पुढे कार्डाचं नाव असं मारून ‘स्पीड’ची ओळ बघा. १००० ऐवजी १०० दिसलं तर वायर तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात; एखादी तार तुटली की दोघं गुपचूप १०० वर तडजोड करतात. दिवा तेव्हाही लागलेलाच असतो.

दोन आठवड्यांनी बाबांचा परत फोन. खालच्या कोपऱ्यातल्या अपडेटच्या ढालीवर लाल खूण आली होती आणि क्लिक केलं की एरर येत होता. मी ‘फोटो पाठवा’ म्हणायच्या आतच ते बिलबुकाचं पान काढून बसले होते. ‘तुला काय वाटतं ते नको सांगू,’ म्हणाले, ‘इथे सरळ लिहिलंय. दहा, चौदा, शून्य, पाच.’ अपडेट उतरवणाऱ्या एपीटीची प्रॉक्सी वेगळ्या फाइलमध्ये असते, ‘ईटीसी’मध्ये एपीटीच्या डिरेक्टरीत ‘एपीटी डॉट कॉन्फ डॉट डी’ आहे तिच्या आत. तेवढी राहिली होती. ती फाइल बाबांनी स्वतःच उडवली, पासवर्ड न उमटता टाइप करून.